पुलंच्या पुढचं कपाट

प्रश्न: मी ४१ वर्षांची आहे. कल्याणला राहते, फोर्टातल्या एका कार्यालयात नोकरी करते. गेली दोन वर्षं आईच्या आजारपणात गेली. ती आता बरी आहे, पण नजर अधू झाली आहे. मला पुन्हा वाचायला लागायचं आहे आणि खरं सांगायचं तर फक्त हसायचं आहे. कॉलेजात असताना पुलं सगळे वाचले, काही पानं तर पाठ आहेत. आता अलीकडचं, चांगलं लिहिलेलं, हसवणारं काही हवं आहे. गेल्या महिन्यात प्रदर्शनातून 'विनोदी' म्हणून तीन पुस्तकं आणली. तिन्हींत बायको लठ्ठ, नवरा बिचारा आणि शेजारीण भोचक. एकही पुरं झालं नाही. पुलंनंतर मराठीतला विनोद संपला, की मला शोधता येत नाही? धाकटे दीर म्हणतात, एवढा वेळ आहे तर काही उपयोगाचं वाच. मुलगी १४ वर्षांची आहे, इंग्रजी माध्यमात शिकते. तिलाही मराठी पुस्तकांची गोडी लागावी असं फार वाटतं.
– एक वाचक, कल्याण

नमस्कार ताई,

एका तालुक्याच्या गावी वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे मी २९ वर्षं बसले. संध्याकाळी सहानंतर गर्दी व्हायची आणि त्या गर्दीत रोज कुणी ना कुणी टेबलावर वाकून हळूच म्हणायचं, "काही तरी हलकंफुलकं द्या हो." ज्ञानेश्वरीवरचा ग्रंथ हवा असलेला माणूस मोठ्याने मागायचा. हसायला पुस्तक हवं असलेला आवाज खाली आणायचा. पुढे पुढे माझ्या लक्षात आलं, की ही मंडळी बहुतेक वेळा कशातून तरी दमून आलेली असायची. कुणाच्या घरी दुखणं, कुणाची लांब बदली झालेली, कुणाचा जमिनीचा दावा वर्षानुवर्षं लोंबकळत पडलेला. तुमच्या पत्रातही मला तोच खालचा आवाज ऐकू आला, म्हणून आधी दिरांचं बघते.

ते काळजीपोटीच म्हणत असतील. पण दोन वर्षं औषधांच्या वेळा, दवाखान्याच्या फायली आणि नोकरी एका हाताने सांभाळलेल्या बाईला रात्री दहा वाजता चार पानं हसत वाचता आली, तर त्याहून उपयोगाचं वाचन मला माहीत नाही. आणि हसवणारं लिहिणं हे खालच्या पायरीवरचं काम आहे, असं आपल्याकडच्या जाणत्यांनीही मानलेलं नाही. १९६५ सालचा मराठीसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार 'व्यक्ती आणि वल्ली'ला मिळाला होता. चिमणराव आणि गुंड्याभाऊ ज्यांनी जन्माला घातले, ते चिं. वि. जोशी पाली भाषेचे गाढे अभ्यासक होते, बडोद्याला तीच शिकवत होते. दोन्ही कामं त्यांनी सारख्याच निष्ठेने केली. तेव्हा मनात अपराधीपणा ठेवू नका आणि पुस्तक मागताना आवाजही खाली आणू नका.

आता तुमचा मुख्य प्रश्न. विनोद संपलेला नाही, त्याचं कपाट बदललं आहे.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, गडकरी, चिं. वि., अत्रे, पुलं या मंडळींच्या काळात 'विनोदी लेखक' ही एक ठसठशीत ओळख होती. त्यासाठी खास मासिकं होती, 'आवाज' आणि 'जत्रा'सारखे दिवाळी अंक होते, कथाकथनाला मैदानं भरत होती. मग वाचनालयातही 'विनोदी' अशी पाटी लावलेलं स्वतंत्र कपाट आलं. आमच्याकडेही होतं, खिडकीजवळ. गेल्या तीस-चाळीस वर्षांत मात्र ज्यांच्याकडे विनोदाची उत्तम नजर आहे, असे पुष्कळ लेखक कथा-कादंबऱ्यांकडे वळले. त्यांना कुणी विनोदी लेखक म्हणत नाही, तेही स्वतःला म्हणवून घेत नाहीत. नवीन पुस्तक आलं, की दाखल क्रमांक घालून ते कपाटात लावायचं काम माझंच. 'शाळा' मी कादंबऱ्यांत लावली, 'वनवास' कथासंग्रहांत लावलं. नियमाने ते बरोबर होतं. पण त्यामुळे खिडकीजवळच्या कपाटात एक तर जुने थोर लेखक उरले, नाही तर चुटक्यांची आणि तुम्ही आणलीत तशी पुस्तकं. तुमच्या हाती वाईट पुस्तकं लागली, त्यात दोष तुमचा नाही, त्या पाटीचा आहे.

म्हणून सुरुवात मी कादंबरीच्या कपाटापासून करते. मिलिंद बोकील यांची 'शाळा' तुम्ही वाचली नसेल तर तुमचा हेवा वाटतो. २००४ साली ती आली. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे सुऱ्या, चित्रे, फावड्या हे मित्र, बाहेर आणीबाणीचा काळ, आणि बांधकाम अर्धवट राहिलेल्या एका इमारतीत जमून चाललेली त्यांची खलबतं. वर्गातली शिरोडकर मुकुंदाला आवडते, बस्स, कथानक म्हणावं तर एवढंच. पण त्या वयातल्या मुलाला आपल्याला सगळं जग कळलंय असं वाटत असतं. त्या खात्रीने तो शिक्षकांबद्दल, घरच्यांबद्दल, मुलींबद्दल जे बोलतो, त्याने पानापानाला हसू येतं. बोकिलांनी कुठेही बाहेरून येऊन 'बघा हा किती भोळा' असं सुचवलेलं नाही. मुलांची भाषा त्यांनी जशीच्या तशी धरली आहे आणि त्या भाषेतच सगळी गंमत आहे. शेवटाकडे घशात आवंढा येतो, पण तो हसून हसून मऊ झालेल्या मनाला येतो.

त्याच्या शेजारी लंपन. प्रकाश नारायण संत यांची 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' ही चार पुस्तकं. आईवडिलांपासून लांब, बेळगावच्या बाजूला आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा सगळं स्वतः सांगतो. 'मॅड' हा त्याचा लाडका शब्द, आणि साध्या गोष्टीला मोठमोठे, वेडेवाकडे आकडे लावायची त्याची खोड. कानडी वळणाची ती मराठी कानाला इतकी गोड लागते, की मी वाचनालयात रिकाम्या वेळी एकटीच मोठ्याने वाचत बसायचे. संत हे कवयित्री इंदिरा संतांचे चिरंजीव, पेशाने भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. आता एक काळजीची सूचना. लंपनच्या काही कथा फार हलवतात. तुम्ही आत्ताच एका दुखण्यातून घर बाहेर काढलं आहे. तेव्हा 'वनवास' आधी घ्या आणि बाकीची तीन मनाला उसंत मिळाल्यावर, सवडीने.

हीच सूचना 'कोसला'बद्दल. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ सालची, म्हणजे वर्षांचा हिशेब केला तर आधुनिक म्हणता येणार नाही, पण तिचा सूर आजचा आहे. लोक तिच्याविषयी इतकं गंभीर बोलतात, की ती किती हसवते हे सांगायचं राहूनच जातं. पांडुरंग सांगवीकर वसतिगृहाच्या मेसचा सेक्रेटरी होतो आणि त्या हिशेबात जो अडकत जातो, तो भाग वाचताना आमच्या वाचनालयातला एक कॉलेजचा मुलगा खुर्चीत इतका हसला होता, की वर्तमानपत्र वाचणारे आजोबा उठून बघायला आले. पण याच कादंबरीत पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग आहे आणि तो काळीज चिरणारा आहे. हे आधी माहीत असू द्या.

तुम्हाला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट, लठ्ठ बायको आणि भोचक शेजारीण. ती मलाही २९ वर्षं खटकत आली. असा विनोद लिहिणाऱ्याने घरातल्या बाईकडे कधी नीट पाहिलेलंच नसतं. कुणी तरी आधी केलेला चुटका तो पुढे ढकलत असतो. त्यावर माझ्याकडे उतारा एकच, बायकांनी लिहिलेलं वाचा. मंगला गोडबोले यांनी मध्यमवर्गीय घर, नातलग, सणवार, बदलत चाललेली पिढी यांवर वर्षानुवर्षं विनोदी लिहिलं आहे. 'झुळूक'पासून सुरुवात करा. तिथे बाई ही हसण्याची वस्तू नसून बघणारी आहे आणि तिची नजर फार तल्लख आहे. नवऱ्याला, सासूला, मुलांना ती हसते, पण त्यांच्या जागी उभी राहूनही पाहते. लेख छोटे आहेत, ठाणं ते दादर एवढ्या वेळात एक होतो.

आणि बायकांच्या विनोदाचा विषय निघालाच आहे, तर तुमची 'अलीकडचं' ही अट मी एकदा मोडणार आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १९३४ साली तिचा पहिला भाग आला. ही आत्मकथा म्हणून सगळ्यांना ठाऊक असते, शाळेत एखादा उतारा वाचलेला असतो, आणि तेवढ्यावर आपण तिला आदरणीय ठरवून मोकळे होतो. पण ती वाचायला घेतली, की कळतं, ही बाई केवढी हसवते! वडिलांचं सोवळ्याचं वेड, नवऱ्याचा, म्हणजे रेव्हरंड टिळकांचा, संसारातला विसराळूपणा आणि लहरीपणा, स्वतःची फजिती, सगळं त्या ओट्यावर बसून सांगावं तसं सांगतात. ज्या आयुष्यात रडायला पुष्कळ कारणं होती ते आयुष्य त्यांनी अशा आवाजात सांगितलं आहे. माझ्या मते मराठीतल्या सगळ्यात चांगल्या विनोदी लेखकांत लक्ष्मीबाईंचं नाव घ्यायला हवं, आणि ते कुणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं.

गाडीत वाचायला आणखी एक. दिलीप प्रभावळकरांचं 'अनुदिनी'. टिपरे कुटुंबातली माणसं, आजोबांपासून नातवंडांपर्यंत, आपापली रोजनिशी लिहितात, अशी त्याची रचना आहे. यावरून 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका झाली. ती पाहिली असेल तरी पुस्तक वाचा, कारण प्रत्येकाच्या लिहिण्याची ढब वेगळी ठेवली आहे ती कागदावरच नीट कळते.

गावाकडच्या विनोदात पहिलं नाव द. मा. मिरासदारांचं. २०२१ साली ते गेले. आमच्याकडे 'मिरासदारी'ची एक प्रत होती. मागच्या पुठ्ठ्याच्या आत तारखेचा कागद चिकटवलेला असतो ना, तो भरला म्हणून त्यावर दुसरा, त्यावर तिसरा असे चिकटवत आम्ही सहापर्यंत गेलो होतो. पुठ्ठा त्या बाजूने फुगला होता. बांधणी तीनदा केली. पानांवर चहाचे डाग, एका ठिकाणी कुणी तरी पेन्सिलीने बारीक अक्षरात 'अगदी आमचे मास्तर' असं लिहिलेलं. पुस्तकावर लिहिलेलं मला मुळीच चालत नाही, पण ते मी कधी खोडलं नाही. मिरासदारांच्या भोकरवाडीच्या गोष्टी तुम्ही जरूर घ्या. नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर ही माणसं एकदा भेटली, की आपल्या ओळखीचीच होऊन जातात. यात कुणी कुणाचा अपमान करून हसवत नाही. रिकामटेकड्या माणसांच्या डोक्यात एखादी कल्पना येते आणि ती पुढे पुढे अशी वाढत जाते, की शेवटी सगळं गाव त्यात सापडतं.

मिरासदारांचं गाव आता तसं राहिलेलं नाही. आजचं गाव हवं असेल तर किरण गुरव यांचं 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' घ्या. २०२१ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार या कथासंग्रहाला आहे. खेड्यातून शहरात शिकायला गेलेल्या मुलाचं बिचकणं, नव्या जगाचा अर्थ लावण्याची त्याची धडपड, यातून येणारं हसू फार हळुवार आहे. खदखदून हसवणारं हे पुस्तक नाही, ओठांच्या कोपऱ्यात हसू ठेवून जाणारं आहे. प्रसाद कुमठेकर यांची 'बगळा' उदगीरकडच्या बोलीत आहे, शाळकरी पोराच्या तोंडची. पहिली दहा पानं कदाचित अडखळाल. ती मोठ्याने वाचा. डोळ्यांना अवघड वाटणारी बोली कानाला पटकन कळते आणि एकदा ती लय सापडली, की पुस्तक खाली ठेववत नाही.

मुंबईच्या माणसांसाठी सतीश तांबे. 'राज्य राणीचं होतं' हा त्यांचा संग्रह पाहा. कथा लांब असतात, निवेदक वळणं घेत घेत बोलतो, विषय मोठ्यांचे असतात, म्हणून मुलीच्या हाती लगेच देऊ नका. श्याम मनोहरांचं नाव तुम्हाला कुणी तरी नक्की सुचवेल. त्यांच्या 'उत्सुकतेने मी झोपलो'ला २००८ साली साहित्य अकादमी मिळाला आहे. छोटी छोटी, सरळ, बिनरंगाची वाक्यं, आणि ती वाचता वाचता आपलं रोजचं जगणं एकदम विचित्र वाटायला लागतं. मला ते अतिशय आवडतात. पण दमून भागून आलेल्या रात्री ते पहिलं पुस्तक म्हणून मी देणार नाही.

वर्तमानपत्रातल्या सदरांची पुस्तकं निवडताना जरा जपून. सदर म्हणून ताजं असताना जे खळखळून हसवतं, ते पाच वर्षांनी पुस्तकात वाचताना कोण कुठला मंत्री आणि काय प्रकरण होतं, हे आठवण्यातच जीव जातो. सकाळमधलं ब्रिटिश नंदी यांचं 'ढिंग टांग' मी पेपरातच वाचायचे, त्या त्या दिवशी, गरम असताना. उलट लोकसत्तातलं तंबी दुराई म्हणजे श्रीकांत बोजेवार यांचं 'दोन फुल एक हाफ' पुस्तकातही वाचवतं, कारण बातमीच्या आडून ते आपल्या सवयींकडे बोट दाखवतात, आणि सवयी काही इतक्या लवकर बदलत नाहीत. मुकुंद टाकसाळे यांचं 'नाही मनोहर तरी' हेही मिळालं तर घ्या. सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' तुम्ही वाचलं असेल, तर नावापासूनच मजा सुरू होईल.

आता पुस्तक हातात धरून ते चांगलं की वाईट, हे दुकानात उभ्या उभ्या कसं ओळखायचं? माझी रीत सांगते. मलपृष्ठ वाचू नका, तिथे सगळ्याच पुस्तकांना 'खुसखुशीत' म्हटलेलं असतं. पहिलं पानही नको, त्यावर लेखकाने हात फिरवलेला असतो. मधलं कुठलं तरी, साठ-सत्तरावं पान उघडा आणि ओठ हलवत दोन परिच्छेद वाचा. उद्गारचिन्हांची रांग दिसली तर पुस्तक परत ठेवा. 'मग काय, हसून हसून पुरेवाट' असं लेखकच सांगत असेल, तरी परत ठेवा.

याचं एक लहानसं उदाहरण देते, मीच बनवलेलं. समजा, असं लिहिलं आहे: 'आणि काय आश्चर्य! काकांनी नवी कोरी छत्री विकत घेतली आणि धो धो कोसळणारा पाऊस चक्क थांबला!!' आता हेच असं वाचा: 'जूनभर भिजून काकांनी एक जुलैला छत्री घेतली. दोन तारखेपासून पाऊस थांबला.' घटना एकच आहे. पहिल्यात 'काय आश्चर्य' आणि 'चक्क' हे शब्द आपल्या आधीच हसून घेतात, आपल्यासाठी काही उरत नाही. दुसऱ्यात लेखक गप्प राहतो, तारखा तेवढ्या देतो, आणि तीन तारखेला ती कोरडी छत्री काखेत घेऊन निघालेले काका आपल्याला आपोआप दिसतात. चांगलं लिहिणारा वाचकासाठी अशी जागा सोडतो. तुमच्या त्या तीन पुस्तकांपैकी एखादं अजून घरात असेल, तर या नजरेने एक पान वाचून पाहा. ते का आवडलं नाही, हे बोट ठेवून दाखवता येईल.

एक आणखी बघायचं. हसू कुणावर आहे? मोलकरीण, गावाकडून आलेला माणूस, काळी मुलगी, बोबडं बोलणारा नोकर, असं ज्याला उलटून बोलता येत नाही त्याच्यावरच सगळा विनोद चालला असेल, तर पुढच्या दीडशे पानांत तो सुधारत नाही. माझा तरी अनुभव असाच आहे.

पैसे मात्र लगेच घालू नका. कल्याणला सार्वजनिक वाचनालय १८६४ सालापासून आहे, तिथली वर्गणी भरा. दोन पुस्तकं एका वेळी मिळत असतील तर एक छोट्या लेखांचं आणि एक मोठं असं घ्या, छोटं गाडीसाठी, मोठं रात्रीसाठी. आणि दिवाळी येऊ द्या. आपल्याकडे 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नवा लेखक चाखून बघायची याहून सोपी सोय झालेली नाही. पुष्कळ वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते, ती भरली की पुढचे काही महिने अंक बदलून बदलून वाचता येतात. एका वहीत, ज्याची कथा वाचताना हसू आलं त्याचं नाव लिहून ठेवा. वर्षाअखेर त्या नावांची पुस्तकं मागायची. आमच्याकडे एसटीतून निवृत्त झालेले एक काका असंच करायचे. खिशात लाल पुठ्ठ्याची छोटी डायरी, त्यात नावं. त्या डायरीवरून मी आमच्या खरेदीच्या यादीत चार लेखक घातले होते.

मुलीचं म्हणाल, तर १४ हे 'शाळा'चंच वय आहे. पण 'हे वाच, चांगलं आहे' असं म्हणून हातात दिलंत तर ती वाचणार नाही, कुठलंच मूल वाचत नाही. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना मराठी कळत नाही असं नसतं, देवनागरीत भराभर वाचायची सवय नसते. त्यामुळे पहिल्या वीस पानांत ती दमते आणि पुस्तक कंटाळवाणं आहे असं समजते. ती वीस पानं तुम्ही वाचून दाखवा. सुऱ्याचं बोलणं सुऱ्यासारखं वाचा. पुढे काय झालं हे विचारायला लागली, की पुस्तक तिच्या टेबलावर विसरा. 'शाळा' जड वाटली तर प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' आहे. तो तिच्यापेक्षा लहान मुलांसाठी असला, तरी भाषा सोपी आणि पळती आहे, वाचनाचा वेग यायला फार उपयोगी पडतो.

आणि आई. त्यांची नजर अधू झाली आहे हे तुम्ही पत्रात एका वाक्यात लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबले होते. ज्यांनी आयुष्यभर वाचलं त्यांना दोन वर्षं आजारपण आणि आता पुस्तक नाही, हे फार अवघड असतं. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि मिरासदार यांचं कथाकथन त्यांनी तरुणपणी कुठे तरी ऐकलेलं असण्याचा संभव आहे. विचारा त्यांना. मिरासदारांच्या स्वतःच्या आवाजातल्या कथा ऐकायला मिळतात, त्या दुपारी तुम्ही कामावर असताना लावून ठेवता येतील. पण रात्रीची गोष्ट तुम्हीच वाचून दाखवा. जेवणं झाली, भांडी आवरली, की भोकरवाडीची एक कथा. मुलगी आपली मोबाइल घेऊन त्याच खोलीत बसलेली असेल, बसू द्या, तिला काही म्हणू नका. तीही ऐकते. आई मध्येच हसून 'थांब, ते परत वाच' म्हणाल्या, तर परत वाचा आणि त्या पानात लोकलचं एखादं जुनं तिकीट घालून ठेवा. पान दुमडू नका. उद्या त्या तेच पुन्हा मागतील.